भाग्यश्रीला तर्कशास्त्रच हवं होतं

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस बनतात. हार्नेस म्हणजे रंगीबेरंगी वायरींचा जुडगा. समोर शाळेतल्या फळ्याएवढा तिरपा बोर्ड असतो, त्यावर खुंट्या असतात. त्या खुंट्यांमधून एकेक वायर तिच्या ठरलेल्या वाटेने न्यायची, टेप गुंडाळायची, टोकाला कनेक्टर बसवायचा. दिवसभर उभ्याने करायचं काम. लाइनवर जवळपास सगळ्या बायकाच; कुणी परभणीकडची, कुणी जळगावची, कुणी मावळातल्या गावाहून रोज ये-जा करणारी. भाग्यश्री भालेराव ही त्यांच्यातली जुनी. कासारवाडीला राहणारी, नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडणारी, कमी बोलणारी आणि बोललेलं तडीस नेणारी. वयाने तेहतीस, पण लाइनवर सगळ्यांची ताई. नवीन मुलगी कामाला आली की सुपरवायझर तिला बिनदिक्कत भाग्यश्रीच्या शेजारी उभी करून निघून जात.

तिचं अक्षर फार चांगलं होतं. महापालिकेच्या शाळेत असताना फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी तिलाच पुढे बोलवत. दहावीला तिला फर्स्ट क्लास मिळाला. अकरावीचं कॉलेज जेमतेम सुरू झालं आणि लग्न ठरलं. शिक्षण सुटलं, अक्षर तेवढं राहिलं. त्यामुळे कुणाला रजेचा अर्ज लिहायचा असला, बँकेची स्लिप भरायची असली, तरी सगळ्या भाग्यश्रीताईकडे येत. आणि माफीनामा लिहायचा असला तरी तिच्याचकडे.

या पट्ट्यातल्या कित्येक कंपन्यांत माफीनाम्याची एक रीतच पडून गेली आहे. माल परत आला, मशीन बंद पडलं, काही कमीजास्त झालं की सुपरवायझर म्हणतो, "लिहून द्या." चूक नक्की कुणाची याचा शोध घेत बसायला कुणालाच सवड नसते. ज्याचं नाव पुढे येईल त्याने कागद घ्यायचा, 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा अशी चूक होणार नाही, तरी माफी असावी' असं लिहायचं, सही ठोकायची आणि चहाला जायचं. साहेबाला वर दाखवायला कागद मिळतो, कामगाराच्या मागची कटकट जाते. भाजी मंडईत कुणाचा धक्का कुणाला लागला हे न बघता आपण 'सॉरी' म्हणून पुढे सरकतो, त्यातलाच तो प्रकार. असे कागद आपण किती लिहिले, हे भाग्यश्रीलाही सांगता आलं नसतं.

त्यातलाच एक स्वप्नालीचा.

स्वप्नाली परभणीकडची. भाग्यश्रीहून दहा वर्षांनी लहान, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. एकदा एका लॉटमध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली आणि माल घेणाऱ्या कंपनीकडून मोठी तक्रार आली. ज्या जागेवर चूक झाली तिथे हजेरीप्रमाणे स्वप्नालीची ड्यूटी होती. प्रत्यक्षात त्या दिवशी तिला पॅकिंगला पाठवलं होतं. माणसं कमी पडली की असं तोंडी इकडून तिकडे पाठवतातच. सुपरवायझर नेहमीप्रमाणे म्हणाला, "लिहून द्या."

"म्या कामून देऊ? म्या तर तिथं नव्हतेच," स्वप्नाली म्हणाली.

"अगं, देऊन टाक आणि विषय मिटव," भाग्यश्री म्हणाली. "शब्दाला शब्द कशाला वाढवतेस?"

"तू म्हणतीस म्हणून देते बघ, ताई."

भाग्यश्रीने लिहिलं, स्वप्नालीने सही केली, आणि दोघी चहाला गेल्या.

पण या वेळी विषय मिटला नाही. तक्रार थेट वरपर्यंत गेली होती आणि वरच्यांना नुसता कागद पुरणार नव्हता. स्वप्नालीला आरोपपत्र मिळालं, चौकशी लागली. कंपनीतल्या अशा चौकशीत न्यायाधीशाच्या जागी चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील येतात. कामगाराला सहसा वकील आणता येत नाही. आपल्या बाजूने बोलायला एखादा सहकारी तेवढा नेता येतो. स्वप्नालीने ताईचं नाव दिलं.

चौकशी अधिकारी उतारवयाचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद पुढे सरकवून विचारलं, "ही सही तुमचीच ना, बाई?"

"व्हय."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"न्हाई, जबरदस्ती कुणी न्हाई केली."

भाग्यश्रीला राहवेना. ती उठून म्हणाली, "साहेब, असं सगळेच लिहून देतात. चूक नसली तरी देतात."

"असेलही," साहेब म्हणाले. आवाज जराही चढलेला नव्हता. "पण न केलेली चूक माणूस कबूल का करेल, हे मला समजावून सांगा. मी लिहून घेतो."

आणि त्यांनी खरोखरच पेन उघडून वाट पाहिली. भाग्यश्रीच्या डोक्यात सगळं एकदम गर्दी करून आलं. सुपरवायझर, पॅकिंग, चहा, इतक्या वर्षांचे इतके कागद. तोंडातून निघालं ते एवढंच, "रीतच आहे तशी, साहेब." त्यांनी 'रीतच आहे' असं लिहून घेतलं आणि पेन मिटलं.

स्वप्नालीची नोकरी गेली. तिला लवकरच दुसरीकडे कंत्राटी काम मिळालं आणि उलट तीच ताईची समजूत घालत बसली. "तू जिवाला लावून घेऊ नगस, माय. भाकरी कुठंबी मिळती."

भाग्यश्रीने मात्र जिवाला लावून घेतलं. तिला राग आला होता, पण तो त्या वकिलांवर नव्हता. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि उत्तराची वाटही त्यांनी पाहिली होती. आपल्याला ठाऊक असलेली खरी गोष्ट समोरच्याच्या गळी उतरेल अशी मांडता आली नाही, याचा तो राग होता. पुढे कित्येक दिवस बोर्डावर वायरी लावताना तिच्या मनात तोच प्रश्न घोळत राहिला. शेवटी एका रविवारी जेवताना तिने जाहीर केलं, "मला वकील व्हायचंय."

तिचा नवरा बुद्धभूषण भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर काम करायचा. माणूस मनाने साफ, फक्त प्रत्येक गोष्टीची आधी चेष्टा करून बघणारा. त्याने घास हातातच ठेवला. "आधी बारावी तर हो."

"तेच म्हणतेय मी."

"आणि मग घरात मला बोलायला काही चान्स?"

"आत्ता तरी कुठं हाय रं तुला?" सासूबाई, कस्तुराबाई, म्हणाल्या. त्या धाराशिवकडच्या. इतकी वर्षं पिंपरीत काढूनही त्यांची बोली जागची हलली नव्हती. "भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलाय, अन् घरातली बाई वकील व्हती म्हटलं की हसतोस व्हय?"

बुद्धभूषणने फोटोकडे पाहिलं आणि निमूट जेवायला लागला.

भाग्यश्रीने पिंपरीत कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका नोटरीबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी नीट सांगितलं, की बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो, त्याला प्रवेशपरीक्षा असते, वयाची काळजी करू नका. शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. "आणि विषयांचं म्हणाल, तर कोणतेही चालतात," त्या म्हणाल्या.

हे शेवटचं वाक्य मग ज्याच्या-त्याच्या तोंडी बसलं. बुद्धभूषण म्हणाला, "चालतात ना कोणतेही? मग सोप्यातले सोपे घे. आधी पास हो." बसमधल्या मैत्रिणी म्हणाल्या, "गाइड मिळतं ते घे गं ताई, वाचून लिहिता येतं." सगळ्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. भाग्यश्री ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "काय चालतं ते कळलं मला. लागेल काय, ते मी शोधतेय."

शोध कसला, तर बसमध्ये खिडकीशी बसून मोबाइलवर बारावीची पुस्तकं चाळायची. ती बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, हा शोध तिला नवाच होता. राज्यशास्त्र तिला आवडलं. कायदे कोण करतं आणि कुणासाठी, हे वकिलाला ठाऊक हवंच. अर्थशास्त्र तिने कामगारांच्या प्रश्नांसाठी धरलं. इंग्रजीची भीती वाटत होती, पण आरोपपत्र इंग्रजीत आलं होतं हे ती विसरली नव्हती. आणि मग एका संध्याकाळी मोशीच्या आसपास गाड्या तुंबून पडल्या असताना तिने तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं, की आधी जे मानायचं ते आधारविधान, त्यावरून जे काढायचं तो निष्कर्ष. आणि आधारातून निष्कर्ष खरोखर निघतो की नाही, ते तपासायचं हे शास्त्र. भाग्यश्रीने ते पान पुन्हा वाचलं. बस हलली तेव्हा तिचा निश्चय झालेला होता.

बाहेरून बसणाऱ्यांसाठी आकुर्डीचं एक कॉलेज नेमून दिलेलं होतं. तिथे हे काम दादासाहेब नावाचे कारकून बघत. सतरा नंबरवाल्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं पास होताना आणि नापास होताना पाहून ते एका ठाम मताला येऊन पोचले होते.

"मराठी, इंग्रजी, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, सहकार," त्यांनी न विचारताच सांगितलं. "बाहेरचे सगळे हेच घेतात."

"मला मराठी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि तर्कशास्त्र हवंय."

दादासाहेबांनी चष्मा वर केला. "तर्कशास्त्र? ताई, नवऱ्याशी भांडायला एवढा अभ्यास लागत नाही."

"नवऱ्याशी भांडण झालेलंच आहे. मला पुढचं करायचंय."

मागे उभ्या असलेल्या एका मुलाला हसू फुटलं. दादासाहेब मात्र गंभीर झाले. "हे बघा, चेष्टेचा भाग सोडा. बाहेरच्यांना आम्ही तो विषय देत नाही. तुम्हाला शिकवणार कोण? मागे एकदा दिला होता, सगळेच्या सगळे आपटले. कॉलेजचा निकाल खाली आला आणि प्राचार्यांनी माझी हजेरी घेतली."

"देऊ नये असा नियम आहे?"

"नियम नाही. अनुभव आहे."

"मग ज्या शिकवतात त्यांना विचारते."

"त्या नाहीच म्हणतील."

"म्हणू दे की. त्यांच्या तोंडून ऐकते."

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या निशिगंधा मॅडम चाळिशीच्या होत्या. किरकोळ अंगाच्या, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघणाऱ्या, की पुढचं वाक्य माणसाने जपूनच उच्चारावं. त्यांनी भाग्यश्रीचं सगळं ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही, हो तर नाहीच नाही.

"दादासाहेबांचं खोटं नाही," त्या म्हणाल्या. "हा विषय पाठ करून सुटत नाही. असं करा, फॉर्मची मुदत संपायला अजून अवकाश आहे. तोवर सकाळी माझ्या वर्गात मागे येऊन बसा. मग मी एक चाचणी घेईन. ती पाहून काय ते ठरवू."

भाग्यश्रीने लाइनवर कुणाकुणाशी पाळ्या बदलून घेतल्या आणि सलग सेकंड शिफ्ट लावून घेतली. सेकंड नको असणाऱ्या बायकांचा तोटा नव्हताच. सकाळी कासारवाडीहून लोकलने आकुर्डी, वर्ग संपला की परत घरी, भाकरी टाकून दुपारी कंपनीची बस. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा मुलं उठून उभी राहिली.

"काकू, तुम्ही कॉलेज तपासायला आलात का?" एकाने विचारलं.

"नाही रे बाबा. तुमच्याबरोबर नापास व्हायला आलेय."

त्यानंतर मुलांनी तिला आपल्यातलं मानून टाकलं. पेन विसरलं की मुलं काकूंकडे मागू लागली.

चाचणीत मॅडमनी काही युक्तिवाद दिले होते. प्रत्येक बरोबर की चूक ते सांगायचं आणि कारण द्यायचं. त्यातला एक असा होता: 'संप असला की कंपनीची बस येत नाही. आज बस आली नाही. म्हणून आज संप आहे.' भाग्यश्रीला मनातून हसूच आलं. तिने लिहिलं, की हा युक्तिवाद चूक आहे. बस चाकण चौकात अडकली असेल, पंक्चर झाली असेल, ड्रायव्हर आला नसेल. संपाने बस बंद होते हे खरं, पण बस बंद झाली म्हणजे संपच आहे असं त्यातून निघत नाही. सगळी उत्तरं तिने अशीच सावकाश, नेटक्या अक्षरात लिहिली आणि पेपर देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. पेपर समोर होता.

"तुमचं यात काय चुकलंय?"

भाग्यश्री पेपरवर वाकली. "काय चुकलं, मॅडम?"

"तेच मी विचारतेय. तुम्ही लिहिलंय ना?" मॅडमनी पेपरच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे भाग्यश्रीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'काही चूक झाली असल्यास माफी असावी.'

हे आपण कधी लिहिलं, तिला आठवेना. हाताने आपोआप लिहिलं होतं.

"सवय आहे, मॅडम."

"एक उत्तर सोडून तुमचं सगळं बरोबर आहे. आणि जे चुकलंय तिथे तुम्ही चांगलं पेन दाबून लिहिलंय, जराही शंका नाही." मॅडम किंचित हसल्या. "मी तुमच्याकडे माफीनामा मागितला नव्हता. मग हा कशाबद्दल? चूक नसताना माणूस माफी का मागतो?"

भाग्यश्री खुर्चीत सरळ झाली. हाच प्रश्न. त्या साहेबांनी पेन उघडून विचारलेला. फरक एवढाच, की इथे कुणाची नोकरी टांगलेली नव्हती आणि उत्तराला पुरेसा वेळ होता.

"कारण माफी मागायला पाच मिनिटं लागतात, मॅडम, आणि चूक माझी नाही हे सांगायला दिवस जातो," ती म्हणाली. "चूक कुणाची हे विचारणाऱ्याला जाणून घ्यायचंच नसतं. त्याला कागद पाहिजे असतो. तो दिला की तो जातो." आणि मग तिने स्वप्नालीची सगळी हकीकत सांगितली. आपणच तिला लिहून द्यायला लावलं, हेसुद्धा वगळलं नाही.

मॅडमनी पेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळी लिहिल्या. 'जो माफीनामा देतो त्याने चूक केलेली असते. स्वप्नालीने माफीनामा दिला. म्हणून स्वप्नालीने चूक केली.'

"त्या साहेबांचा युक्तिवाद हा. रचना पक्की आहे, त्यात फट नाही. मग तो पाडायचा कसा?"

"पहिली ओळ खोटी आहे."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

भाग्यश्रीने त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या.

"'जो देतो त्याने' म्हणजे 'देणाऱ्या प्रत्येकाने'. 'प्रत्येक'वाल्या विधानाला पाडायला एक उदाहरण पुरतं," मॅडम म्हणाल्या. "चूक करणं शक्यच नव्हतं, तरी माफीनामा दिला, असा एक माणूस दाखवा. फक्त एक."

भाग्यश्रीने डोळे मिटले. वर्षानुवर्षांचे कागद डोळ्यांपुढून सरकले आणि त्यातला एक थांबला. "आहे! जळगावची एक बाई, चूक झाली तेव्हा सुट्टीवर होती, गावी. आली त्या दिवशी तिच्याकडूनही सही घेतली, कारण हजेरीत त्या जागेवर तिचं नाव होतं. मीच लिहिलं होतं ते. तिची रजा ऑफिसात नोंदलेली आहे, कुणीही बघावी." ती एकदम थांबली. "म्हणजे उत्तर माझ्याजवळ होतं."

"होतं. ते कुठे ठेवायचं, हे ठाऊक नव्हतं." मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "आता हे सांगून त्या मुलीला कामावर परत घेतील असं मात्र समजू नका."

"नाही समजत. ती गेली, ते माझ्या खात्यावर राहीलच. पण चौकश्या काही संपल्या नाहीत, मॅडम. आमच्या लाइनवर अजून एवढ्या जणी आहेत."

मॅडमनी पेपर घडी करून तिच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "दादासाहेबांना मी सांगते. पण माझी एक अट आहे. वर्षभर असंच वर्गात येऊन बसायचं. घरी वाचून परीक्षेला आलात तर त्यांचंच खरं होईल, आणि ते मला चालायचं नाही."

वर्षभर म्हणजे वर्षभर सेकंड शिफ्ट. दुपारी निघायचं ते घरी यायला मध्यरात्र. सातवीतल्या लेकीची शाळा सुटेल तेव्हा आई घरात नसणार, संध्याकाळचा स्वयंपाक, अभ्यास, सगळं सासूबाईंवर. भाग्यश्रीने घरी येऊन हे आडपडदा न ठेवता सांगितलं. हसणारं कुणी नव्हतं.

"सोपे विषय घेतलेस तर रोज जावं लागणार नाही ना?" बुद्धभूषणने विचारलं. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"नाही लागणार."

"आणि तरी वकील होता येतं."

"होता येतं."

"मग?"

"मग पुन्हा कुणीतरी विचारेल, 'समजावून सांगा,' आणि मी म्हणेन, 'रीतच आहे.' पदवी असेल माझ्याकडे, पण बोलणं हेच असेल. मला ती पाटी नकोय दारावर. मला ते काम यायला पाहिजे."

बुद्धभूषण कस्तुराबाईंकडे बघू लागला. त्या निवडत असलेली मेथी बाजूला सारून म्हणाल्या, "माझंबी ऐकून घ्या. पोरीला मी बघीन. सांजच्या भाकरी मी करीन. पर रविवारी मी गॅसपुढं उभी ऱ्हाणार न्हाई. त्या दिवशी भूषण सैपाक करंल."

"मी?"

"मशीनवर लोखंड कापतोस ना? मग कांदा कापाया काय हुतंय?"

"आई, मला फक्त अंडाबुर्जी येते."

"बुर्जी खाऊ," कस्तुराबाई म्हणाल्या. "वर्सभर बुर्जी खाल्ल्यानं कुणी मरत न्हाई."

कंपनीत सुपरवायझरला तिच्या मागणीचा उलगडाच होईना. "कायमची सेकंड? लोक सेकंड टाळायला माझ्या मागे लागतात आणि तुम्ही मागून घेताय? घरी काही वाद झालाय का, ताई?"

"घरी सगळ्यांचं एकमत झालंय. अर्ज आणलाय मी लिहून."

त्याने अर्ज वाचला. त्यात कारण होतं, विनंती होती आणि खाली सही होती. "ठीक आहे. आत्ता वर्षाचं देतो. पण मध्येच बदलून मागायची नाही."

"नाही मागणार."

दादासाहेबांनी मॅडमची चिठ्ठी पाहिली आणि उसासा टाकत विषय भरायला घेतले. सहाव्या विषयापाशी ते थांबले. "अजून विचार करा. समाजशास्त्र लिहितो, डोळे झाकून पास व्हाल."

"डोळे झाकून काय करू, दादा? वाचायचंय ना मला."

"नापास झालात तर इथे येऊन रडायचं नाही, आधीच सांगून ठेवतो."

"रडायला नाही येणार. उत्तरपत्रिका पुन्हा तपासायचा अर्ज कुठे मिळतो, ते विचारायला येईन."

दादासाहेब हसले, मान हलवली आणि त्यांनी 'तर्कशास्त्र' लिहिलं. लिहून झाल्यावर भाग्यश्रीने कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि सगळे विषय एकदा वाचून पाहिले. मगच सही केली.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. वर्गात निशिगंधा मॅडमनी फळ्यावर लिहिलं: 'सगळे अनुभवी कामगार जपून काम करतात. ज्योतीराम जपून काम करत नाही. म्हणून ज्योतीराम अनुभवी नाही.' मुलांनी माना डोलावल्या. युक्तिवाद बरोबर आहे, असं सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. भाग्यश्रीनेही रचना तपासून पाहिली. रचना पक्की होती, ते तिला मान्य होतं. तरी तिने हात वर केला.

"बोला."

"रचना बरोबर आहे, मॅडम. पण मी हे मान्य करणार नाही."

"का बरं?"

"पहिलं विधान मला सिद्ध करून द्या. आमच्याकडे नवीन मुलगी प्रत्येक वायर दोनदा बघून लावते. चुका जुन्यांच्या हातून जास्त होतात, कारण त्यांचं लक्ष हातावर नसतं, गप्पांवर असतं. माझ्याच हातून झाल्यात. तेव्हा 'सगळे अनुभवी' हे कशावरून?"

"काकू, पुस्तकात दिलंय ते!" पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला.

"पुस्तकाला बोलाव साक्षीला," भाग्यश्री म्हणाली. "मी त्यालाही विचारीन."

वर्ग खदखदून हसला. मॅडमनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "करा पुढे," त्या म्हणाल्या. "आणि बसून नको, उभ्याने."

भाग्यश्री उभी राहिली. तिने एकेक मुद्दा बोटांवर घेतला. मुलं मध्येच आक्षेप घेत होती, ती त्यांना उत्तर देत होती. एका आक्षेपाला उत्तर सुचेना तेव्हा "हे उद्या सांगते," म्हणून तिने तो वहीत टिपून ठेवला आणि पुढे गेली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. मुलं दप्तरं आवरू लागली, बाकं सरकू लागली.

"थांबा रे," भाग्यश्री म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."